ग्रॅव्हल सायकलसाठी हलक्या गिअरचा क्रँकसेट कसा निवडावा?

खडीवाट

माझ्या ग्रॅव्हल सायकलला, म्हणजे खडीच्या आणि कच्च्या वाटांसाठीच्या सायकलला, कारखान्यातूनच रस्त्याच्या सायकलीचे गिअर बसवून आले आहेत. पुढे शिमानो १०५ आर७००० चा क्रँकसेट आहे, म्हणजे पेडलचे दांडे आणि त्यांवरची ५० व ३४ दात्यांची दोन दातचक्रे (चेनरिंग), मागच्या चाकावर ११ ते ३२ दात्यांची अकरा दातचक्रांची कॅसेट आणि साखळी एका दातचक्रावरून दुसऱ्यावर नेणारा लांब पिंजऱ्याचा, म्हणजे जीएस प्रकारचा, मागचा डिरेलर आहे. टायर ७०० × ४० चे आहेत आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा दांडा ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग, आट्यांचा, ६८ मिमी रुंदीचा आहे. डांबरी रस्त्यावर आणि सपाट कच्च्या वाटेवर या जोडणीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. अडचण येते ती सुट्या खडीच्या लांब चढावर, विशेषतः फ्रेमला पिशव्या बांधलेल्या असताना. सगळ्यात हलक्या गिअरमध्येही पेडल इतके सावकाश फिरते की प्रत्येक ढकलणीला मागचे चाक जागच्या जागी घसरते. उभे राहून चालवावे तर वजन पुढे जाते आणि घसरणे आणखी वाढते.

यावर तीन मार्ग मला दिसतात. पहिला म्हणजे फक्त कॅसेट ११-३४ ची करणे. दुसरा, पुढे ४६/३० किंवा ४८/३१ चा क्रँकसेट बसवणे. तिसरा, पुढचा डिरेलर काढून टाकून एकाच चेनरिंगवर जाणे. शिफ्टर (हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या कळा) आणि चाके बदलण्याची माझी तयारी नाही, कारण दोन्ही उत्तम चालत आहेत. पुढची चेनरिंग लहान केल्याने वरचा वेग किती कमी होईल, सध्याचा पुढचा डिरेलर चालेल की नाही आणि मुळात किती हलका गिअर पुरेसा समजावा, या तीन प्रश्नांवर जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

दातेमोजणी

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर हाती आल्याशिवाय बाकीच्या दोन प्रश्नांना अर्थ नाही. बहुतेक जण आधी क्रँकसेट पसंत करतात आणि मग त्यातून किती हलका गिअर मिळतो ते पाहतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. ज्या चढावर तुमची अडचण होते, त्या चढावर दम न लागता तुम्ही किती वेगाने जाऊ शकता, हे आधी ठरवावे. त्या वेगाला पाय मिनिटाला निदान पन्नास-पंचावन्न फेरे फिरावेत असे वाटत असेल, तर गिअर किती असावा हे साध्या भागाकाराने निघते.

७०० × ४० च्या टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो. नेमका आकडा हवा असेल तर टायरमध्ये नेहमीची हवा भरून, व्हॉल्व्ह जमिनीकडे आणून तिथे खडूने खूण करावी, सायकलवर बसून चाक एक पूर्ण फेरा पुढे न्यावे आणि दोन खुणांमधले अंतर मोजावे. बसून मोजणे महत्त्वाचे आहे, कारण वजनाने टायर दबतो.

आता उदाहरण घेऊ. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो वजन आहे, चढ १० टक्के आहे आणि स्वाराला सातत्याने १८० वॅट ताकद लावता येते, असे धरू. चढाचा विरोध सुमारे ९३ न्यूटन होतो आणि खडीवरचा घर्षणविरोध साधारण ११ न्यूटन. साखळीत आणि कप्प्यांत जाणारी थोडी ताकद वजा केली, तर वेग ताशी ६ किमीच्या आसपास राहतो. या वेगाला हवेचा विरोध नगण्य असल्यामुळे तो मी सोडून दिला आहे.

ताशी ६ किमी म्हणजे मिनिटाला १०० मीटर. तुमच्या सध्याच्या ३४/३२ गिअरमध्ये, ज्याचे गुणोत्तर (पुढचे दाते भागिले मागचे दाते) १.०६ आहे, पायाचे मिनिटाला जेमतेम ४३ फेरे होतील. कॅसेट ११-३४ ची केली तर ३४/३४ मध्ये ४५ होतील. पुढे ३० दाते आणि मागे ३४ असतील तर ५१, आणि मागे ३६ असतील तर ५४. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कॅसेटवरचे दोन दाते वाढवून मिळतात सहा टक्क्यांच्या आत-बाहेर, तर आतली चेनरिंग ३४ वरून ३० वर आणल्याने एकदम बारा टक्के मिळतात. तुमचा त्रास दोन-तीन फेऱ्यांनी सुटण्यासारखा वाटत नाही.

चाक का घसरते, तेही याच हिशेबात आहे. ताकद तीच असताना पाय सावकाश फिरले की प्रत्येक फेऱ्यातला पीळ (टॉर्क) वाढतो. १८० वॅटला मिनिटाला ४३ फेरे असतील, तर क्रँकवर सरासरी ४० न्यूटन-मीटर पीळ येतो. ५१ फेऱ्यांना तो ३४ च्या खाली येतो. शिवाय हा पीळ सगळ्या फेऱ्यात सारखा पसरलेला नसतो. पेडल पुढे आडवे असताना तो सरासरीपेक्षा बराच जास्त असतो आणि पेडल वर-खाली उभे असताना फार कमी. सुट्या खडीवर चाक सुटते ते या शिखराच्या क्षणी. म्हणून ग्रॅव्हल सायकलवर हलका गिअर हवा तो केवळ पाय थकू नयेत म्हणून नव्हे. खोगिरावर बसून, मागच्या चाकावर वजन ठेवून, पीळ सारखा देता यावा म्हणून तो हवा. दणकट पायांच्या स्वारालाही खडीवर हेच लागू पडते.

खालची मर्यादाही सांगून ठेवतो. हाच स्वार १५ टक्के चढावर ताशी सव्वाचार किमीच्या पुढे जाणार नाही. तो चालण्याचा वेग आहे आणि त्या वेगाला ओबडधोबड वाटेवर तोल सांभाळणे हेच मुख्य काम होऊन बसते. हलके सामान घेऊन फिरणाऱ्याने ०.८ ते ०.९ गुणोत्तरावर समाधान मानावे. ०.७ च्या खालचे गिअर भरपूर सामान लादून दूर जाणाऱ्यांसाठी आहेत.

वरच्या वेगाची काळजी करू नका. ४६/११ मध्ये मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी जवळपास ५० किमी वेग मिळतो आणि ५०/११ मध्ये ५४. ४० मिमीच्या टायरवर खडीवाटेने यापैकी कोणताही वेग पेडल मारून गाठायचा नसतो. उतारावर तिथे ब्रेककडे लक्ष असते.

एकपदरी

वरचा हिशेब मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष दोन चेनरिंगचाच असायला हवा असे नाही. शिमानोच्या ग्रॅव्हलसाठीच्या जीआरएक्स मालिकेतला आरएक्स८१२ हा मागचा डिरेलर ४२ दात्यांपर्यंतची कॅसेट घेतो आणि तुमच्या अकरा गिअरच्या रस्त्याच्या शिफ्टरशी त्याची तार-ओढ, म्हणजे एका गिअरमागे तार किती ओढली जाते ते माप, जुळते. पुढे एकच चेनरिंग ठेवली की पुढचा डिरेलर, त्याची तार आणि त्याची जुळवणी हे सगळेच जाते. चिखलात आणि धुळीत सर्वांत आधी कुरकुरणारा भाग पुढचा डिरेलर असतो. शिवाय आरएक्स८१२ मध्ये साखळी ताणून धरणारा क्लच आहे आणि एकेरी चेनरिंगचे दाते आलटून-पालटून जाड व बारीक असल्याने खडबडीत उतारावर साखळी सहसा पडत नाही.

मात्र एक गोष्ट नीट पाहा. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच ग्रॅव्हल सायकलींवर ४० ची चेनरिंग आणि ११-४२ ची कॅसेट असते. त्यातला सर्वांत हलका गिअर ०.९५ आहे, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या चढावर मिनिटाला ४८ फेरे. म्हणून एकेरीवर जायचे असेल तर चेनरिंग ३६ किंवा ३८ चीच घ्या. ३६/४२ म्हणजे ०.८६, तो ३०/३४ पेक्षाही किंचित हलका आहे. वर ३६/११ मध्ये ९० फेऱ्यांना ताशी ३९ किमी मिळतात आणि मला ते पुरतात.

दातेमोजणी

तुमचे म्हणणे बरोबर आहे. पुढचा डिरेलर नकोच असेल तर ३६ ची चेनरिंग हे चांगले उत्तर आहे. फक्त धागालेखकांनी लिहिले आहे की डांबरी रस्त्यावर त्यांची काहीही तक्रार नाही, आणि तिथे फरक पडेल. ११-४२ कॅसेटमध्ये ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८, ३२, ३७ आणि ४२ असे दाते असतात. मधल्या भागात उड्या सोसण्यासारख्या आहेत, पण ताशी २५-३० किमी वेगाने गटात चालताना ३६ ची चेनरिंग मागच्या १५ आणि १३ वर जाते आणि तिथली प्रत्येक उडी पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे. ४६ च्या चेनरिंगवर तोच वेग १९ आणि १७ वर मिळतो. तिथे पायांची लय कमी मोडते, आणि मोठ्या दातचक्रावर साखळीही कमी दुमडत असल्याने सगळे यंत्र अधिक शांत आणि टिकाऊ चालते. रस्ता आणि खडी निम्मी-निम्मी असेल, तर माझा कौल दोन चेनरिंगना आहे.

तेलकट हात

सायकल-दुरुस्ती हेच माझे काम असल्यामुळे मी जुळणीबद्दल लिहितो. क्रँकसेट बदलणे म्हणजे एक सुटा भाग बदलणे नव्हे. बॉटम ब्रॅकेट, चेनलाइन, पुढचा डिरेलर आणि मागच्या डिरेलरची क्षमता या चार गोष्टी एकमेकींना धरून असतात आणि चारही आधी तपासाव्या लागतात.

सर्वांत आधी एक पळवाट बंद करतो. सध्याच्याच क्रँकवर आतली लहान चेनरिंग बसवता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. तुमच्या क्रँकचे बोल्टवर्तुळ, म्हणजे चेनरिंगचे बोल्ट ज्यावर बसतात ते वर्तुळ, ११० मिमी व्यासाचे आहे. दात्यांची संख्या घटली की चेनरिंगचा घेर आत येतो आणि ३४ च्या खाली बोल्टना जागाच उरत नाही. म्हणूनच जीआरएक्सच्या दुहेरी क्रँकवर बाहेरची चेनरिंग ११० मिमी वर्तुळावर आणि आतली ८० मिमी वर्तुळावर बसते. एफएसए कंपनीच्या काही ४६/३० क्रँकवर हीच वर्तुळे १२० आणि ९० मिमी आहेत. सांगायचे एवढेच की ३० ची चेनरिंग हवी असेल तर क्रँकच बदलावा लागतो आणि पुढे झिजलेली चेनरिंग बदलताना त्याच वर्तुळाची चेनरिंग शोधावी लागते. विकत घेण्यापूर्वीच त्या मापाच्या सुट्या चेनरिंग मिळतात का ते पाहून ठेवा.

बॉटम ब्रॅकेटच्या बाबतीत तुमचे नशीब चांगले आहे. ६८ मिमीच्या आट्यांच्या नळीत शिमानोचा २४ मिमी दांड्याचा क्रँक आता आहेच. जीआरएक्सचा दांडाही २४ मिमीचाच असतो, त्यामुळे बेअरिंग ठणठणीत असतील तर तीच चालतील. स्रॅम कंपनीच्या डब (DUB) प्रकारच्या क्रँकचा दांडा २८.९९ मिमीचा असतो आणि इतर काही क्रँकचा ३० मिमीचा, त्यांना वेगळे कप लागतात. दाबून बसवलेल्या बेअरिंगच्या फ्रेम ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी मात्र इथे थांबून नीट माप घ्यावे. ४१ मिमी व्यासाच्या दाबबसवणीच्या नळीत ३० मिमी दांडा घालायचा म्हटले की बेअरिंगच्या गोळ्यांना जागा फारच कमी उरते आणि ती बेअरिंग लवकर जातात.

आता चेनलाइन. फ्रेमच्या मध्यापासून दोन चेनरिंगच्या मधोमधपर्यंतचे हे अंतर आहे. तुमच्या १०५ क्रँकवर ते कमी आहे, तर जीआरएक्सच्या दुहेरी क्रँकवर ४६.९ मिमी. म्हणजे जीआरएक्सच्या चेनरिंग सुमारे अडीच मिमी बाहेर बसतात. रुंद टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) यांच्यापासून सगळे थोडे दूर राहावे, हा त्यामागचा हेतू आहे. परिणाम असा की रस्त्याच्या सायकलीचा पुढचा डिरेलर मोठ्या चेनरिंगपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. स्क्रू पूर्ण सोडून आणि तार ताणून काही जण तो कसाबसा चालवतात, पण चढाच्या तोंडाशी गिअर पडला नाही की सगळी मेहनत वाया जाते. जीआरएक्स क्रँक घ्याल तर जीआरएक्सचाच पुढचा डिरेलर घ्या. तुमच्या अकरा गिअरच्या शिफ्टरवर तो चालतो. दोन पेडलांमधले अंतर, म्हणजे क्यू फॅक्टर, १४६ वरून १५१ मिमी होईल. बहुतेकांना ते जाणवत नाही, पण गुडघ्याच्या जुन्या दुखण्यामुळे ज्यांनी बुटांच्या तळाच्या क्लीट (पेडलमध्ये अडकणाऱ्या खिळी) अगदी काटेकोर लावल्या आहेत, त्यांनी ते लक्षात घ्यावे.

दुसरा मार्ग म्हणजे रस्त्याच्याच चेनलाइनवर बसणारा दुसऱ्या कंपनीचा ४६/३० क्रँक. मग सध्याचा पुढचा डिरेलर ठेवता येतो, मात्र तो खाली सरकवावा लागेल. साखळीची प्रत्येक कडी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी अंतराची असल्याने एका दात्यामागे चेनरिंगची त्रिज्या सुमारे २ मिमीने बदलते. ५० ऐवजी ४६ म्हणजे डिरेलर ८ मिमी खाली. तुमचा डिरेलर पट्ट्याने नळीला आवळलेला असेल, तर प्रश्न नाही. तो फ्रेमला जोडलेल्या कानावर, म्हणजे डिरेलर अडकवण्याच्या खाचेच्या छोट्या पट्टीवर, असेल, तर त्या कानाच्या खाचेत ८ मिमी जागा उरली आहे का ते पट्टी लावून पाहा. जागा असली तरी आणखी एक ठिकाण तपासा. डिरेलरच्या पिंजऱ्याचे मागचे टोक खाली आल्यावर चेनस्टेच्या अगदी जवळ येते आणि काही फ्रेमवर टेकतेही. पिंजऱ्याची बाहेरची पट्टी आणि मोठ्या चेनरिंगचे दाते यांच्यात १ ते ३ मिमी फट राहायला हवी; ती पाच-सहा मिमी राहिली तर साखळी वर चढताना रेंगाळते.

शेवटी मागच्या डिरेलरची क्षमता, म्हणजे साखळीचा किती दात्यांइतका सैलपणा तो सामावू शकतो. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक आणि कॅसेटच्या टोकांमधला फरक यांची बेरीज करायची. ४६/३० आणि ११-३४ म्हणजे १६ अधिक २३, एकूण ३९. तुमच्या जीएस डिरेलरची क्षमता नेमकी ३९ आहे आणि तो मागे ३४ दातेच घेतो. ४८/३१ घेतलात तर बेरीज ४० होते, म्हणजे एकाने जास्त. ती ओढून-ताणून चालेल, पण मी गिऱ्हाइकाला तसे बसवून देत नाही. तुमच्या सायकलीसाठी ४६/३० हाच आकडा स्वच्छ बसतो.

उभा चढ

आणखी एक मार्ग आहे आणि तो वर कोणी सांगितलेला नाही. जुन्या भटकंतीच्या सायकलींवरचे तिहेरी क्रँक अजूनही मिळतात. त्यांत बाहेरच्या व मधल्या चेनरिंगसाठी ११० मिमी आणि सर्वांत आतल्या चेनरिंगसाठी ७४ मिमी अशी पाच बोल्टांची दोन वर्तुळे असतात. ७४ मिमी वर्तुळावर २४ दात्यांपर्यंतची चेनरिंग बसते. सर्वांत बाहेरची चेनरिंग काढून टाकावी, मधल्या जागी ४२ किंवा ४४ आणि आत २८ लावावी, की मनाजोगता दुहेरी क्रँक तयार होतो. ४४/२८ मध्ये फरक १६ दात्यांचाच राहतो, त्यामुळे डिरेलरच्या क्षमतेचे गणित बिघडत नाही, आणि २८/३४ म्हणजे ०.८२. हे क्रँक बहुधा चौकोनी टोकाच्या दांड्यावर बसतात, त्यामुळे दांड्याची लांबी निवडून चेनलाइन हवी तिथे आणता येते. ही सोय आजच्या पोकळ दांड्याच्या क्रँकमध्ये नाही. माझ्या सामानवाहू सायकलीवर मी हीच रचना वापरते आणि तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त एक खबरदारी घ्यावी लागते. जुन्या चेनरिंगमधले अंतर जाड साखळीसाठी ठेवलेले असते. अकरा गिअरची बारीक साखळी दोन चेनरिंगच्या मधे अडकू शकते. तेव्हा चेनरिंग शक्यतो आजच्या साखळीसाठी केलेल्याच घ्याव्यात.

४६/३० म्हणजे काही नवीन शोध आहे असे कोणी समजू नये, म्हणून हेही नोंदवते. फ्रान्समधल्या टीए कंपनीच्या सिक्लोटुरिस्त क्रँकचे बोल्टवर्तुळ ५०.४ मिमीचे होते आणि त्यावर २६ दात्यांपर्यंत चेनरिंग बसत असे. डोंगरात फिरणारे भटके तेव्हाही हलक्याच गिअरवर चालत होते. मधल्या काळात सायकलींची बाजारपेठ शर्यतींच्या मागे गेली. शर्यतीत ५२ आणि ५३ च्या चेनरिंगला अर्थ होता, पण त्याच आकड्यांची सावली आपल्यासारख्यांच्या सायकलींवर उगीचच पडली. टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली तीच मुळी १९३७ मध्ये, तोवर भटक्यांनी तो कितीतरी वर्षे वापरलेला होता. हलका गिअर लावण्यात कमीपणा वाटण्याचे काहीही कारण नाही.

घसरण्याबद्दल एक भर घालते. गिअर हलका केल्यावरही चढाच्या पायथ्याशी योग्य वेळी बदलला नाही, तर उपयोग होत नाही. ४६ वरून ३० वर येताना पाय एकदम रिकामे फिरतात, कारण फरक ३५ टक्क्यांचा आहे. चढ सुरू होण्याआधीच आतल्या चेनरिंगवर यावे आणि त्याच वेळी मागे दोन गिअर जड करावेत, म्हणजे लय टिकते. मग चढ वाढेल तसे मागचे एकेक हलके करत जावे. साखळीवर पूर्ण जोर असताना पुढचा गिअर बदलू नये. टायरमधली हवाही पाहा. ४० मिमीच्या टायरमध्ये रस्त्याच्या सवयीने कडक हवा भरली, तर कोणताही गिअर लावला तरी चाक खडीवर उडत राहणार.

खडीवाट

सर्वांचे मनापासून आभार. दातेमोजणी यांच्या पद्धतीने मी नेहमीच्या चढावरचा वेग पाहिला. पिशव्यांसह, श्वास सांभाळून, तो ताशी साडेपाच ते सहा किमीच राहतो. म्हणजे तुमचे उदाहरण माझ्यासाठीच लिहिल्यासारखे आहे. पुढच्या डिरेलरचीही पाहणी केली. तो फ्रेमच्या कानावर आहे आणि खाचेत खाली जेमतेम ४ मिमी जागा उरलेली दिसते. म्हणजे सध्याचा डिरेलर ठेवून ४६ ची चेनरिंग लावणे जमणार नाही, असे मी समजतो. मग जीआरएक्सचा ४६/३० क्रँक आणि त्याचाच पुढचा डिरेलर घेतला, तरी कान तोच असल्याने अडचण तशीच राहील का? स्रॅमच्या ४३/३० क्रँकबद्दलही वाचले, तो कसा राहील?

तेलकट हात

कान तोच असल्यामुळे खाचेची मर्यादा तशीच राहील, हा तुमचा तर्क बरोबर आहे. तेव्हा निर्णय त्या कानावर अवलंबून आहे. कान दोन बोल्टांनी फ्रेमला लावलेला आणि काढता येण्याजोगा असेल, तर काही फ्रेम बनवणारे लहान चेनरिंगसाठी खाली बसणारा दुसरा कान देतात. तो मिळतो का ते विचारा. फ्रेमची नळी गोल असेल आणि कान काढता येत असेल, तर तो काढून पट्ट्याचा जोड लावता येतो आणि मग उंची हवी तेवढी खाली घेता येते. कान फ्रेमला कायमचा जोडलेला असेल, तर मात्र ४६ चा नाद सोडा. अशा वेळी एकपदरी यांचा मार्ग, म्हणजे ३६ किंवा ३८ ची एकेरी चेनरिंग, आरएक्स८१२ डिरेलर आणि ११-४२ कॅसेट, हाच तुमच्यासाठी शहाणपणाचा ठरेल. त्याला पुढचा डिरेलरच लागत नाही. सध्याच्या क्रँकवर ३८ ची एकेरी चेनरिंग ११० मिमी वर्तुळावर सहज बसते, तेव्हा क्रँकही बदलावा लागणार नाही. फक्त ती बाहेरच्या जागी लावायची की आतल्या, हे चेनरिंगच्या घडणीवर ठरते. साखळीची रेघ मागच्या कॅसेटच्या मध्याशी जितकी जुळेल तितके चांगले.

स्रॅमच्या ४३/३० चा विचार करू नका. ती जोडणी त्यांच्या बारा गिअरच्या सपाट-पाठीच्या साखळीसाठी आहे. त्या साखळीचे रोलर मोठ्या व्यासाचे असतात, त्यामुळे त्या चेनरिंग आणि तुमची अकरा गिअरची साखळी एकमेकींना मानवत नाहीत.

खडीवाट

कान दोन बोल्टांचा आहे आणि निघतो. त्यामागची नळी गोल आहे, तिचा बाहेरचा व्यास ३४.९ मिमी भरला. म्हणजे पट्ट्याचा जोड आणि जीआरएक्सचा ४६/३० असे ठरवतो. कॅसेटही ११-३४ ची करतो. बसवताना विशेष काय पाहावे, तेवढे सांगावे.

तेलकट हात

३४.९ हे पट्ट्याच्या जोडाचे प्रचलित माप आहे, सहज मिळेल. क्रँक १६५ मिमीपासून १७५ मिमीपर्यंतच्या लांबीत येतो. सध्या आहे तीच लांबी ठेवा, म्हणजे खोगिराची उंची बदलावी लागणार नाही.

जुना क्रँक काढताना डाव्या क्रँकमधले दोन बोल्ट सैल करा, टोकाचे प्लास्टिकचे झाकण काढा आणि फटीतली छोटी सुरक्षापट्टी टोकदार वस्तूने वर उचला. ती न उचलता क्रँक ओढत बसलात, तर तो निघणार नाही. नवीन बसवताना दांड्याला ग्रीस लावा, झाकण फक्त बाजूची हालचाल जाईल इतकेच, हाताच्या जोराने आवळा आणि मग ते दोन बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे करत १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत न्या. एक पूर्ण आवळून मग दुसरा आवळणे टाळा. क्रँक बसल्यावर साखळी न चढवता तो हाताने फिरवून पाहा. तो अडखळला तर झाकण जास्त आवळले गेले आहे.

११-३४ कॅसेटबद्दल एक बारकावा आहे. शिमानोच्या अकरा गिअरच्या या कॅसेट रस्त्याच्या अकरा गिअरच्या हबवर बसवताना आधी १.८५ मिमीची चकती घालावी लागते. ती कॅसेटसोबतच येते. ती राहून गेली तर कॅसेट आवळणारी बाहेरची कडी पूर्ण आवळूनही कॅसेट हलत राहते.

साखळी नवी घेऊन मापून तोडणे उत्तम. ती मागे ३४ आणि पुढे ४६ वर, डिरेलरमधून न ओवता, गुंडाळा आणि दोन कड्या, म्हणजे एक आतली व एक बाहेरची, जास्त ठेवा. जुनीच ठेवायची असेल, तर पुढचे चार दाते कमी झाले म्हणून दोन कड्या काढण्याची घाई करू नका, कारण मागे दोन दाते वाढले आहेत. आधी वरच्याप्रमाणे गुंडाळून पाहा. मग साखळी जोडून मागच्या डिरेलरचा बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून किती दूर राहील ते ठरवणारा स्क्रू) असा लावा की वरची कप्पी ३४ च्या दात्यांना घासणार नाही.

पुढे ३० आणि मागे ११ किंवा १३ या जोडीत साखळी तिरकी होऊन ४६ च्या आतल्या बाजूला घासेल. १६ दात्यांच्या फरकाच्या क्रँकवर हे बहुतेक फ्रेममध्ये होते, त्यात बिघाड समजू नका. तो वेग ४६ वर मागे १७ किंवा १९ घेऊन मिळतो, तेव्हा त्या दोन जोड्या वापरायच्याच नाहीत. पहिल्या लांब फेरीनंतर चेनरिंगचे बोल्ट आणि डाव्या क्रँकचे दोन बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासा, आणि नवी तार थोडी ताणली जात असल्याने पुढच्या डिरेलरचा ताण त्याच वेळी पुन्हा जुळवून घ्या.